शाडूची मूर्ती पार्सलने : पॅकिंगच्या कामाच्या नोंदी, पेण, २०२५

८ जानेवारी

आजपासून ही वही फक्त पॅकिंगची. कारखान्याचा हिशेब बाबांच्या वहीत असतो, रंगांचा काकांच्या. पॅकिंगचं आजवर कुणी लिहून ठेवलं नाही, कारण तशी गरजच पडली नव्हती. पेणजवळच्या हमरापुरातून मूर्ती टेम्पोत चढायच्या, खाली भाताचा पेंढा, मधे जुनी लुगडी, सोबत आपलाच माणूस. दादर-ठाण्याच्या दुकानात तोच माणूस उतरवून द्यायचा. पार्सलचं तसं नाही. खोकं आपल्या हातातून गेलं की बंगळुरूच्या दारात पोचेपर्यंत ते किती जणांनी उचललं, कुठे आपटलं, कशाखाली दबलं, काही कळत नाही.

गेल्या गणपतीत बाहेरगावी पाठवलेल्या काही मूर्ती मोडून पोचल्या. आम्ही पैसे परत केले. पण चतुर्थी दोन दिवसांवर आलेली असताना ज्यांच्या हाती बोट तुटलेला गणपती पडला, त्यांना पैसे घेऊन काय करायचं होतं? खंडित मूर्ती पूजेला बसत नाही, आणि ऐनवेळी त्या शहरात शाडूची मूर्ती कुठून आणायची? म्हणून या वर्षीचं काम एकच. बारा इंची शाडूची मूर्ती देशात कुठेही पाठवली तरी ती अखंड पोचली पाहिजे. चतुर्थी २७ ऑगस्टला आहे, म्हणजे लवकर.

११ जानेवारी

गिऱ्हाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले मोडक्या मूर्तींचे सगळे फोटो एकत्र लावून पाहिले. सर्वांत जास्त वेळा तुटलाय तो आशीर्वादाचा हात, मनगटापाशी. मग कानाची पाळी, मोदकाचा हात, मुकुटाचं टोक. सोंड पोटाला चिकटलेली असेल तिथे शाबूत आहे, टोकाकडे सुटी वळलेली असेल तिथे गेली आहे. पाट, मांड्या, पोट आणि पाठ एकाही फोटोत फुटलेली नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. बऱ्याच फोटोंत बाहेरचं खोकं धड आहे, कोपराही चेपलेला नाही, आणि आतली मूर्ती मोडलेली आहे. म्हणजे बाहेरून काही घुसलेलं नाही. काही मूर्तींना बबल रॅपचे थरावर थर होते आणि टेप आवळून लावलेली होती. खोकं आपटलं तेव्हा मूर्तीचं सगळं वजन त्या गुंडाळीतून बाहेर आलेल्या हातावर, बोटांवर गेलं. जिथे सर्वांत नाजूक, तिथेच आपण सर्वांत घट्ट धरलं होतं.

एका ताईंनी तर स्पष्ट लिहिलंय, “खोक्यातून बाहेर काढताना हात निघून आला.” हा फोटो वेगळा काढून ठेवला.

१९ जानेवारी

बाबांशी बसून बोलले. त्यांचं म्हणणं पटलं की पॅकिंग खोक्यापासून सुरू होत नाही, साच्यापासून होतं. भावनगरहून आलेला शाडू मळून साच्यात थापतात, तेव्हा हाताची जाडी तिथेच ठरते. टेम्पोने जाणाऱ्या मूर्तीला मोकळा, पुढे आलेला हात शोभतो. पार्सलने जायची असेल तर तोच हात छातीजवळ हवा, कोपर मांडीला किंवा पोटाला टेकलेलं हवं, सोंड पोटावर पडलेली हवी, कान मुकुटाच्या पट्ट्याला जोडलेले हवेत. अशा तीन बैठकी बाबांनी निवडून दिल्या. पाश-अंकुश आणि प्रभावळ सुटी करायची, उंदीरमामा वेगळ्या डबीत. हाताच्या मातीत कापूस जरा जास्त मळायचा.

गिऱ्हाईक फोटो पाहून दुसरीच बैठक मागेल, तेव्हा नाही म्हणायचं. हे जड जाईल, पण म्हणायचंच.

२८ जानेवारी

वाळवण. वरून कोरडी दिसणारी मूर्ती आतून ओली असते, आणि ओला शाडू बंद खोक्यात गेला की दोन्हीकडून नुकसान. माती कच्ची राहते, आणि निघालेली वाफ पुठ्ठ्याला मऊ करते. हात लावून अंदाज करायचा नाही, असं ठरवलं. मूर्ती रोज एकाच वेळी काट्यावर ठेवायची आणि पाटाखाली पेन्सिलीने वजन लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की वाळली. काकांना हे आवडलं. रंगाचा पहिला हातही त्यानंतरच मारायचा, म्हणजे पुढे पापुद्रे सुटणार नाहीत, असं ते म्हणाले.

वाळताना पाट किंचित वाकतो. सपाट फरशीवर ठेवून खालून कागद सरकवला तर एका कोपऱ्यात सहज आत जातो. डोळ्यांना दिसत नाही, पण ट्रकमध्ये हजार किलोमीटर ती मूर्ती त्याच कोपऱ्यावर डुगडुगत जाणार. आता प्रत्येक पाट ओल्या फरशीवर घासून समतल करायचा, कागद कुठूनही आत जाता कामा नये.

३ फेब्रुवारी

माघी गणेश जयंती परवा, १ तारखेला झाली. त्यासाठी पुणे-नाशिकला गेलेल्या थोड्या मूर्ती जुन्याच पद्धतीने, पण जास्त काळजीने बांधल्या होत्या. मोडतोड नाही, पण दोन तक्रारी आल्या. एकीच्या गालावर गोल गोल ठसे उठले, बबलचे. रंग वरून सुकला होता, पुरता पिकला नव्हता. दुसरीच्या पितांबरावर वर्तमानपत्राची शाई. रंगाला लागून फक्त धुतलेली मऊ मलमल, बाकी काही नाही. वर्तमानपत्र फक्त खोक्याबाहेर, टेबलावर अंथरायला.

१७ फेब्रुवारी

पॅकिंग तपासायची एक प्रमाण पद्धत मिळाली, ‘आयस्टा १ए’. साडेनऊ किलोच्या आतलं पार्सल ७६ सेंटीमीटरवरून दहा वेळा टाकायचं. आधी एका कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तिन्ही कडांवर, आधी आखूड मग लांब, आणि शेवटी सहाही बाजूंवर सपाट. दहाही एकाच खोक्यावर, मधे न उघडता. शिवाय हादऱ्यांची चाचणी असते. त्याला यंत्र लागतं, त्याऐवजी खोकं टेम्पोच्या मागच्या टोकाला ठेवून मुंबई-गोवा महामार्गावर नागोठण्यापर्यंत फिरवून आणायचं ठरवलं.

घरात यावरून चर्चा झाली. मूर्ती मुद्दाम आपटायची, हे आईला सहन होईना. काकांनी मार्ग काढला. चाचणीला फक्त कच्ची मूर्ती घ्यायची, रंग नाही, डोळ्यांची आखणी नाही. “आखणी होईपर्यंत ती माती आहे गं, फुटली तर हौदात टाक, पुन्हा मळू.” शाडूचं हेच मोठं आहे, भाजलेला नसल्यामुळे पाण्यात विरघळून परत कामाला येतो. कच्ची मूर्ती रंगवलेल्या मूर्तीइतकीच ठिसूळ आहे, त्यामुळे चाचणी खोटी पडत नाही.

खोकं सरळच राहील असं धरून काही करायचं नाही, हेही आज पक्कं केलं. ‘नाजूक’ची चिठ्ठी आणि वरच्या दिशेचे बाण लावायचे, पण ते माणसासाठी. सरकत्या पट्ट्यावर बाण कोण वाचणार? मूर्ती उलटी पडली तरी टिकली पाहिजे.

१९ फेब्रुवारी

जुन्या पद्धतीचं खोकं पहिल्याच कोपऱ्यावर गेलं. बबल रॅप जास्त, पुठ्ठा तीन-प्लाय म्हणजे तीन थरांचा, मधे कागदाचे बोळे. उघडलं तेव्हा बोळे सगळे एका बाजूला दबून बसले होते आणि दुसऱ्या बाजूला चार बोटं पोकळी. पहिल्या आपटीलाच जागा मोकळी झाली, पुढच्या प्रत्येक आपटीला मूर्तीने त्या पोकळीत धाव घेतली. बोळ्यांचा हाच दोष आहे. एकदा दबले की फुगत नाहीत.

२६ फेब्रुवारी

आज जे जमलं ते सविस्तर लिहिते.

मूर्ती गुंडाळायची नाही, बसवायची. ९ मिलिमीटरच्या प्लायवूडची पाटी, पाटापेक्षा सगळीकडून बोटभर मोठी. तिच्यावर पाटाच्या मापाचं खोबण पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून केलं, म्हणजे मूर्ती बाजूला सरकू शकत नाही. पाटीला दोन्ही बाजूंना चिरा पाडल्या. खाटेची सुती नवार एका चिरेतून वर घेतली, मांड्यांवरून नेली, दुसऱ्या चिरेतून खाली, आणि पाटीखाली बक्कल लावून आवळली. नवारीखाली मांडीवर मलमल आणि त्यावर फोमची पट्टी, रंग घासू नये म्हणून. पाठीमागे पाटीला काटकोनात उभा पुठ्ठा, त्याला मऊ गादी, पाठ तिथे टेकते.

म्हणजे मूर्तीला तीनच ठिकाणी स्पर्श होतो : पाट, मांड्या, पाठ. जिथे एकाही फोटोत काही फुटलेलं नव्हतं, त्याच तीन जागा. हात, कान, सोंड, मुकुट यांच्याभोवती फक्त हवा. बोट घालून सगळीकडे फिरवायचं, कुठे काही लागता कामा नये. ही पाटी आतल्या खोक्यात घट्ट बसते, आतलं खोकं बाहेरच्या खोक्यात.

पाटी हातात धरून पालथी केली. मूर्ती नवारीवर लटकून राहिली, तसूभर हलली नाही. काका बघत होते. म्हणाले, “अगं, देवाला असं बांधतेस होय?” मी म्हटलं, “काका, मखरात बसेपर्यंत सांभाळायचं आहे म्हणून बांधतेय.” ते काही बोलले नाहीत, पण नवार फार रुंद आहे, मांडीवर वळ दिसेल, अरुंद घे, एवढं सांगून गेले. बरोबर होतं. दीड इंची घेतली.

१० मार्च

आता बाहेरच्या आणि आतल्या खोक्यामधली जागा. इथे माझा बराच वेळ गेला, आणि गेला ते बरं झालं.

हिशेब साधा आहे. ७६ सेंटीमीटरवरून पडलेली वस्तू अडीच सेंटीमीटर दबत दबत थांबली तर तिला स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० पट दणका बसतो. अडीच मिलिमीटरमध्ये थांबली तर ३०० पट. गादीचं काम एवढंच, थांबायला जागा द्यायची. म्हणून ती जाड हवी आणि दबणारीही हवी.

माझा समज होता की खाली फोमची अख्खी शीट घातली की झालं. उलटं निघालं. सहा-सात किलोचं वजन एवढ्या मोठ्या शीटवर पसरलं की फोम दबतच नाही, फळीसारखा वागतो, आणि दणका थेट वर जातो. तोच फोम फक्त आठ कोपऱ्यांना, तळहाताएवढ्या तुकड्यांत लावला तर व्यवस्थित दबतो आणि परत वर येतो. खडू कुटून चोळला होता आतल्या खोक्याला. तुकडा किती दबला ते बाहेरच्या पुठ्ठ्यावर उमटलेल्या खडूवरून कळलं. तुकडे फार लहान केले तर पूर्ण चेपून तळाला टेकतात, मग पुन्हा दणका. याच्या मधलं माप शोधायचं असतं, आणि ते वजनागणिक बदलतं. आठ इंची मूर्तीचे कोपरे बारा इंचीला चालणार नाहीत.

२२ मार्च

फोम काम करतो, पण मनाला पटत नाही. विसर्जनानंतर पाण्याचं नुकसान नको म्हणून माणूस शाडू मागतो, आणि आपण त्याच्या दारात फोमचा ढीग पाठवायचा? कागदी हनीकोंबचे, म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारख्या घरांच्या पुठ्ठ्याचे, ठोकळे करून पाहिले. पहिली आपटी छान झेलतात, पण चेपले की चेपलेच. दहाव्या आपटीपर्यंत त्यांच्यात काही उरत नाही.

पनवेलच्या एका गादीवाल्याकडे रबराइज्ड काथ्याची कात्रणं मिळाली. नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक मारून दाबलेल्या गाद्या असतात, त्यांचे उरलेले तुकडे. दाबले की दबतात, सोडले की वर येतात. पाच सेंटीमीटर जाडीचे कोपरे कापून दहाही आपट्या दिल्या. मूर्ती अखंड. भुसा गळतो थोडा, पण आतलं खोकं बंद असल्यामुळे मूर्तीपर्यंत जात नाही. हेच पक्कं. फोम आता नवारीखालच्या पट्टीपुरताच.

टेम्पोची फेरीही झाली. नवारीखाली मांडी घासलेली नाही.

८ एप्रिल

परदेशचा माल. आपल्या आणि शेजारच्या कारखान्यांच्या मूर्ती मिळून एक वीस फुटी कंटेनर इंग्लंडला जातोय. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात, वेळ वाढला आहे, म्हणून एप्रिलमध्येच भरला.

इथे नियम वेगळे. भाताचा पेंढा अजिबात नाही, त्यातून कीड जाते म्हणून बंदरावर अडवतात. काथ्यासुद्धा नकोच म्हटलं, इथे फोमच वापरला. कच्च्या लाकडाची फळी किंवा पॅलेट वापरायचं तर ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याचा शिक्का लागतो. प्लायवूडला तो लागत नाही, कारण ते बनतानाच उष्णतेखाली दाबलेलं असतं. आपली पाटी त्यामुळे सुटली.

कंटेनरमध्ये भीती पाण्याची. दिवसा तापतो, रात्री गार होतो, आतल्या हवेतला ओलावा छताला धरतो आणि थेंब थेंब खाली पडतो. बाहेर पावसाचा टिपूस नसला तरी आत पाऊस. ओलावा शोषणाऱ्या पिशव्या बाजूच्या कड्यांना टांगल्या, आणि सर्वांत वरच्या थरावर क्राफ्ट कागद अंथरला, थेंब त्याने प्यावेत म्हणून. खोकी कोपऱ्यावर कोपरा रचली. विटांसारखी सांधा मोडून रचली तर रास दिसायला पक्की दिसते, पण पुठ्ठ्याची ताकद त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांत असते, आणि वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या मधोमध आला की खालचं बसतं. हमालांना हे समजावायला दुपार गेली, पण एकदा पटल्यावर त्यांनीच सुतळी लावून ओळंबा पाहिला.

न्हावाशेवा तासाभरावर. संध्याकाळी गेला.

२७ मे

पाऊस काल मुंबईत दाखल झाला, इतक्या लवकर तो आल्याची नोंद नाही म्हणतात. आमचं वाळवणाचं गणित कोसळलं. वजनाच्या नोंदी पाहिल्या तर २० तारखेला वाळून स्थिर झालेल्या मूर्ती चार दिवसांत पुन्हा जड झाल्या आहेत. शाडू हवेतलं पाणी परत पितो.

मागची खोली रिकामी करून घेतली. खिडक्यांना प्लास्टिक, आत हॅलोजन आणि पंखे. यापुढे वाळलेली मूर्ती, खोकी, टेप, काथ्या, सगळं याच खोलीत राहणार आणि पॅकिंगही इथेच. पुठ्ठ्याचंही तेच आहे. भर पावसाळी दमट हवेत पुठ्ठ्याची भार पेलण्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. जानेवारीत जे खोकं पाच जणांचा भार घेत होतं, ते जुलैत घेईलच असं नाही. बाहेरचं खोकं पाच-प्लायचं सात-प्लाय करायचं. खोकीवाल्याला सांगितलं की पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्याच हव्यात, आडव्या नकोत.

१० जून

काल उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला परवानगी दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जन मात्र परवानगीशिवाय नाही. शेजारच्या जोहे गावाकडच्या कित्येक घरांचा जीव भांड्यात पडला असेल, त्यांचं वर्षाचं पोट त्यावर आहे. आमच्या मागण्या कमी होतील का, असं बाबांना वाटलं. तसं होणार नाही, असं मला वाटतं. घरच्या बादलीत विसर्जन करणाऱ्याला शाडूच हवा.

२३ जून

कुरिअरचं बिल. आकारमान पाहून वजन लावतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. मूर्ती पॅक होऊन सात किलोच्या आत बसते, पण ४५×४०×४८ च्या खोक्याला १७.२८ किलोचं वजन लागतं. प्रभावळ आणि आयुधं चपटी करून पाटीखाली बसवली, आतलं खोकं लहान झालं, बाहेरचं ४०×३५×४३ वर आणलं. आता १२.०४. पाच-पाच सेंटीमीटरने पाच किलोचे पैसे वाचले. कोपऱ्यातल्या काथ्याची जाडी मात्र पाच सेंटीमीटरच ठेवली. वहिनी म्हणाली तीन केली तर अजून स्वस्त पडेल. तिथे हात लावायचा नाही. तेवढ्याच जागेसाठी सगळी धडपड आहे.

५ जुलै

खऱ्या वाटेवरची चाचणी. इंदूरला आत्याकडे, बंगळुरूला मावसभावाकडे आणि दिल्लीला जुन्या गिऱ्हाइकाकडे कच्च्या मूर्ती पाठवल्या होत्या. दणका मोजणारी स्टिकर लावली होती, ठरावीक मर्यादेपलीकडे दणका बसला की आतली नळी लाल होते. बाहेरच्या खोक्याच्या आतून एक, आतल्या खोक्यावर एक.

दिल्लीचं बाहेरचं स्टिकर लाल, आतलं पांढरं. म्हणजे वाटेत कुठेतरी जोरात आपटलं आणि काथ्याने ते खाल्लं. तिन्ही मूर्ती अखंड. आत्याने फोटोऐवजी व्हिडिओच पाठवला, तिच्या नातीने मातीच्या गणपतीला तिथेच हात जोडलेत.

बंगळुरूच्या खोक्याची टेप एका बाजूने सुटलेली होती. पावसात साधी ब्राउन टेप पुठ्ठा सोडते. वरच्या फटीवर एकच पट्टी न लावता तिन्ही फटी झाकायच्या, म्हणजे वरून पाहिलं तर इंग्रजी ‘एच’सारखं दिसेल. तळालाही तसंच. आणि टेप लावण्याआधी पुठ्ठा कोरड्या फडक्याने पुसायचा, त्यावरची धूळ हीच टेपची वैरी. सगळ्यावर सुती दोऱ्याची चिकटपट्टी आडवी-उभी.

२४ जुलै

उघडण्याचं काम. जानेवारीत वेगळा ठेवलेला तो फोटो यासाठीच होता.

माणूस खोकं वरून उघडतो, आत हात घालतो, आणि जे हाताला लागतं ते धरून वर ओढतो. हाताला काय लागतं? मुकुट, कान, वरचे हात. वाटेत हजार किलोमीटर टिकलेली मूर्ती घरात येऊन अशी मोडते. म्हणून आतल्या खोक्याची पुढची भिंत सुटी केली. बाहेरच्या खोक्यातून आतलं खोकं काढायला दोन बाजूंना नवारीची मुठ, मग पुढची लाल पट्टी ओढली की भिंत खाली पडते आणि गणपती समोर बसलेला दिसतो. पाटी धरून पुढे ओढायची, पाटीखालचं बक्कल सोडायचं, नवार बाजूला करायची. मूर्ती उचलायची ती पाटाखाली दोन्ही हात घालूनच.

सूचनांचं पत्रक मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजीत केलं, शब्द कमी, चित्रं जास्त. ते आतल्या खोक्यावर, पहिल्यांदा नजर जाईल तिथेच चिकटवायचं. सोबत शाडूच्या भुकटीची पुडी आणि त्या मूर्तीच्या तीन रंगांच्या छोट्या डब्या, पाटाच्या कडेचा टवका वगैरे बुजवायला. काकांनी सांगितलंय, पाटाचं ठीक आहे, पण चेहऱ्याला कुणी ब्रश लावू नये. चेहऱ्याचं काही असेल तर त्यांना फोन.

एका शेजारच्या कारखान्यातल्या मुलीही आजपासून हे शिकायला येताहेत. त्यांना सगळं दाखवतेय, मापांसकट. पेणचा गणपती अखंड पोचला तर नाव पेणचंच होणार.

९ ऑगस्ट

लांबची सगळी पार्सलं गेली : दिल्ली, कोलकाता, चंदीगड, बंगळुरू, हैदराबाद. इंग्लंडचा माल उतरून दुकानांत लागला, ओलं काही नाही, एका खोक्याचा कोपरा बसला होता, आत धक्का नाही. खोलीत आता रोज सकाळी ओलावा मोजते, पॅकिंग दुपारी, आणि खोकं बंद करायच्या आत प्रत्येक मूर्तीभोवती बोट फिरवून बघायचं काम मी कुणाला दिलेलं नाही.

१९ ऑगस्ट

कालपासून मुंबई-रायगडात मुसळधार. रस्ते तुंबलेत, गाड्या बंद. पुण्याची उरलेली पार्सलं कालच निघायला हवी होती, ती आमच्याकडेच आहेत. कुरिअरवाल्याने उद्याही जमणार नाही म्हटल्यावर दादाने टेम्पो काढायचं ठरवलं. तीच खोकी, तशीच बंद, ताडपत्रीखाली. घाट उघडला की निघेल.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. दिवसभर फोटो येत होते. मखरात, फुलांत, एका घरी तर पाळण्याशेजारी. पुण्याच्या मूर्ती २१ तारखेलाच घरोघर पोचल्या.

मोडलेली एक. हैदराबादला, खोकं कशाखाली तरी पूर्ण चिरडलं गेलेलं, त्याला कोणतंच पॅकिंग पुरलं नसतं. पार्सलं लवकर पाठवल्यामुळे १३ तारखेलाच कळलं, दुसरी त्याच दिवशी निघाली आणि २० ला पोचली. वेळ हाताशी असणं हाही पॅकिंगचाच भाग आहे, हे त्या घरच्या काकूंशी फोनवर बोलताना फार जाणवलं. त्यांचा आवाज आधी कसा होता आणि नंतर कसा झाला ते मी विसरणार नाही.

एका ठिकाणी कानाच्या पाळीला केसाएवढी चीर. फोटो मागवला. चीर जोडावर आहे, आपटून आलेली नाही, वाळताना आलेली आहे. बाबांना दाखवली.

१५ सप्टेंबर

परवापासून काथ्याचे कोपरे आणि पाट्या परत येताहेत. पत्रकावर लिहिलं होतं की पाठवलंत तर पुढच्या वर्षी तेवढी सूट, आणि बऱ्याच लोकांनी पाठवल्या. काथ्या पुन्हा चालेल, दाबून पाहिला, जाडी उतरलेली नाही. नवारी धुऊन वाळत घातल्या आहेत.

पुढच्या वर्षी चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे जवळपास तीन आठवडे जास्त मिळतील. पंधरा इंची मूर्तीची मागणी आहे, पण तिचं वजन जवळजवळ दुप्पट होईल आणि पार्सल साडेनऊ किलोच्या वर जाईल. त्या वजनाला आपटायची उंची ६१ सेंटीमीटर, पण कोपऱ्यांची मापं नव्याने काढावी लागतील. साचेवाल्याला उद्या भेटायचं आहे. कानाचा जोड मुकुटाच्या मागे न्यायचा आणि आशीर्वादाच्या हाताचा अंगठा तळव्याला चिकटवून घ्यायचा, ही दोन कामं नव्या साच्यात. बाबांनी मातीचा नमुना करून ठेवला आहे.

हौदातला शाडू ढवळून झाकून ठेवला. चाचणीच्या साऱ्या फुटक्या मूर्ती त्यातच आहेत.